एक टोपली काळी माती

हिरालाल कापगतेले माणसं वरून पाहायची सवय लागली होती. भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधी त्यानं उभी नोकरी ओव्हरहेड क्रेनच्या केबिनमधी काढली. खाली शॉपचं पटांगण, वर गर्डरावर हा, अन् मधात साखळीले लटकलेला माल. वरून माणूस काय दिसते? एक हेल्मेट अन् दोन खांदे. डब्याच्या सुट्टीत हेल्मेट निघालं का टाळू. त्यामुळं हिरालालच्या ध्यानात लोकायचे चेहरे राहत नव्हते, टाळवा राहत. फोरमनची तव्यासारखी घासलेली, साखळी अडकवणाऱ्या खलाश्याची मधात भोवरा असलेली, साहेबाची वरून काळी अन् मुळाशी पांढरी. सुपेल्याच्या बाजारात कोणी "नमस्ते कापगतेजी" म्हटलं का हा आधी टाचा उचलून त्याच्या डोक्याकडे पाहे, मग याले ओळख पटे.

वर बसून बसून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. खालचे सारे बह्याड आहेत. माल कुठं ठेवायचा हे त्यायले समजत नाही, साखळी कुठं अडकवायची हे समजत नाही, नुसत्या शिट्ट्या मारतात अन् हात हालवतात. आपण उचलतो म्हणून दुनिया चालते.

हा माणूस मूळचा साकोलीकडच्या एका खेड्यातला. जातीनं कोहळी. त्या भागात तळे बांधले ते कोहळ्यायनं, अन् याच्या आज्याची तं उमर तळ्याच्या पाळीवरच, त्या मातीच्या बांधावरच, गेली. पाळ कुठं पाझरते, पाणी कोणत्या तोंडानं सोडायचं, यातच म्हाताऱ्याचा जीव. हिरालालले त्या चिखलाची शिसारी होती. मामानं भिलाईले आणून चिकटवलं, तेव्हापासून त्यानं पायाले माती लागू देली नाही. गावाकडून भाऊ फोन करे का औंदा पाळीचं काम आहे, येऊन जा, तं हा म्हणे, "मले सुट्टी नाही." रिटायर झाल्यावर बी हेच म्हणे.

रिटायर झाला अन् फजिती सुरू झाली. शिडीवरून उतरला तो उतरलाच. आता सारे लोक याच्याच उंचीचे, काही तं याच्याहून उंच. सेक्टर दहाच्या क्वार्टरात सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दारात कंबरेवर हात देऊन उभा राही.

"तो भाताचा गंज इकडं कावून ठेवला वो? चुलीच्या डाव्या अंगाले ठेव."

मथुरा, त्याची बायको, पाठ न फिरवता म्हणे, "गंजाले तुमच्या साखळीची गरज नाही. माह्या हातानं उचलते मी. तुमी बाहेर जा."

"कुठं जाऊ?"

"कुठं बी. वरून पाहून नका राहू माह्या मानेकडं."

तसा तो बाहेर गेला, अन् प्रांजलीच्या तावडीत सापडला.

प्रांजली म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याची पोरगी. इमारतीचं शिक्षण नागपूरले घेऊन आली होती अन् दर रविवारी सेक्टरातल्या लोकायले एखाद्या जुन्या गावात पायी फिरवून आणे. याले ती हेरिटेज वॉक म्हणे. हिरालालनं पहिल्याच रविवारी गाड्यायतून उतरणारी ती पलटण पाहिली अन् त्याचं तोंड कडू झालं. पांढरे फक्क बूट, डोक्यावर टोप्या, कंबरेले पाण्याच्या बाटल्या, जसे काही हिमालयावर निघाले. गावातला माणूस पायी चालला तं गरीब, अन् हे पायी चालले तं हेरिटेज. गाव कोणतं, तं अहिवाऱ्याच्या अलीकडचं खैरडीह. तिथं जाऊन दोन तास चालायचं, उकिरडे पाहायचे अन् "वाव" म्हणायचं.

पण गेला. घरी मथुरा होती.

खैरडीह एकेकाळी गढीचं गाव होतं म्हणे. गढीची भिंत पावसानं केव्हाच पोटात घेतली. खाई उरली, तिच्यात बेशरमाची झुडपं अन् गुटख्याच्या पुड्या. वेशीजवळ सतीचे दगड उभे, कोपरापासून वर केलेला हात अन् हातात बांगड्या कोरलेल्या. त्यायच्यावर कोणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. देवळाचा एक खांब आडवा पडून किराणा दुकानाची पायरी झाला होता.

"भैया, हा खांब हजार वर्षाचा आहे, माहीत आहे का?" प्रांजलीनं दुकानदाराले विचारलं.

दुकानदार खांबावरच बसून दात कोरून राहिला होता. तो म्हणला, "होही. मजबूत हे." अन् थोडा सरकून बसला, का तुमाले बी टेकायचं असंल तं टेका.

पांढऱ्या बुटायनं त्याचे फोटो काढले. हिरालालनं मनात साऱ्यायच्या टाळवा मोजल्या अन् कोणालेच पास केलं नाही. दुकानदार बह्याड, फोटो काढणारे बह्याड, अन् प्रांजली शिकलेली बह्याड.

शेवटी तळं आलं. गावाचं निस्ताराचं तळं. माणसाची आंघोळ, ढोरायचं पाणी, कपडे, सारं तिथंच. फागुन लागायचा होता, पाणी उतरलं होतं, तरी कंबरभर होतं. पाळीच्या पोटाले, अर्धा पाण्यात अन् अर्धा बाहेर, एक मोठा शिळेसारखा दगड तिरपा बसला होता. वरून सपाट. त्याच्या चारी कडांनी काळी माती गच्च दाबलेली. त्याच्यावर बिसाहिन नावाची एक म्हातारी लुगडं आपटून राहिली होती.

प्रांजली म्हणली, या दगडाची इथं पूजा होते. दरसाल अकतीले, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेले, एकेका घरची एक टोपली काळी माती येते अन् दगडाभोवती टाचेनं दाबली जाते. वरून नारळ.

"काबर?" हिरालालनं म्हातारीले तिच्याच बोलीत विचारलं.

"देवता हे बाबू," बिसाहिन म्हणली. "माटी खाथे."

हिरालालले हसू आलं. माती खाणारा देव! नारळ खाणारा पाहिला, कोंबडं खाणारा पाहिला. पण क्रेनवाल्याची नजर वाईट. वजनदार वस्तू आडवी पडलेली दिसली का त्याच्या तळहाताले खाज सुटे. बाकीचे बिस्किटं खाऊन राहिले होते तेव्हा हा बूट काढून पाण्यात उतरला, अन् दगडाच्या खालच्या अंगानं, जिथं माती थोडी ढिली होती, तिथून हात आत घातला. बोटायले गार चिखल लागला. मग काहीतरी गोल लागलं. मग एक उतार, दोन भोकं, खाली दोन पाकळ्या.

नाक होतं ते. अन् ओठ.

त्यानं हात तसाच ठेवला. जिंदगीभर लोकायच्या टाळवा पाहिलेल्या माणसाच्या बोटायखाली एक अख्खा चेहरा होता, अन् तो कोणीच पाहिलेला नव्हता. जो पहिल्यानं पाहील त्याचं नाव होईल. पेपरात येईल. सेक्टर दहातले लोक म्हणतील, कापगतेनं काढला.

परतताना त्यानं प्रांजलीले सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. "काका, खरंच? मी रायपूरच्या एका साहेबाले ओळखते, मूर्त्यायचे जाणकार आहेत. पुढच्या रविवारी बोलावते. पण तोवर हात मत लगाओ. प्लीज. जागच्या जागी पाहू द्या त्यायले."

"जागच्या जागी काय पाहील तो? पाठ?"

"ते ठरवतील ना काका काय करायचं ते."

ते ठरवतील. हे वाक्य हिरालालच्या नरड्यात हाडासारखं अडकलं. म्हणजे साहेब येईल, साहेब पाहील, अन् फोटोत साहेबाचा हात त्या नाकावर राहील. आपण कोण, तं बाजूले उभे काका.

घरी येऊन तो मथुराले म्हणला, "शनिवारी उचलतो मी त्याले."

"कोनाले?"

त्यानं सांगितलं. दगड, माती, नाक, साहेब.

मथुरा तांदूळ निवडून राहिली होती. तिचा हात थांबला. तिचं माहेर बी साकोलीकडच्याच, तळ्यायच्या मुलुखातलं. "पाळीच्या पोटाले बसला हाय म्हनता? अन् दरसाली त्याले मातीनं दाबतेत?"

"हो. अंधश्रद्धा."

"अवो, मंग कोन्या कामानं बसला असंल तो. उगाच कोनी सालोसाल माती वाहते का?"

"तुले क्रेनमधलं काय समजते वो?"

"क्रेनमधलं नाही समजत. तळ्यातलं समजते," मथुरा म्हणली अन् परत तांदळाले लागली. नवऱ्याले दोनदा समजवायची तिले आदत नव्हती. एकदा सांगून मोकळी होई, अन् मग वाट पाहे.

सरपंच खेमलालले पटवायले काही लागलं नाही. हा माणूस गावाचं नाव मोठं करायच्या नादात होता, अन् त्याच्या मतानं नाव मोठं व्हायले दगड उभा पाहिजे, खाली सिमेंटचा चबुतरा पाहिजे अन् मागं लाल अक्षरात 'आय लव्ह खैरडीह' पाहिजे. लोक येऊन फोटो काढतील. गावानं बी मान डोलावली. जो देव आज्या-पणज्यापासून माती खाऊन राहिला होता, त्याले सिमेंट खाऊ घालायले कोणाचीच ना नव्हती. बिसाहिन तेवढी म्हणली, "झन हला गा, बइठे हे त बइठन दे." खेमलालनं तिले बाजूले केलं. म्हातारीचीच गोष्ट, कोण ऐकते? अन् कावून नको हलवू हे तिले बी सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी हिरालाल सुपेल्याहून भाड्यानं चेन पुल्ली अन् लोखंडी पाइपाची तिपाई छोट्या हत्ती टेम्पोत टाकून घेऊन आला. डोक्यावर जुनं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. तिपाई पाळीवर रोवली, पट्टे दगडाच्या दोन्ही अंगानं सरकवले, अन् साखळी ओढायले गावातले चार तगडे गडी पाळीवर उभे केले. दगडाचं तोंड पाण्याच्या अंगानं वळलं पाहिजे म्हणून हा एकटा पाण्यात उतरला. कंबरभर. उभ्या जिंदगीत पहिल्यांदा तो मालाच्या खाली होता, अन् शिट्टी त्याच्या तोंडात.

"धीरे! मेरी सीटी पे! अरे भैताडहो, एक साथ!"

आधी कडांची माती फोडावी लागली. टिकास घातली तं आतून थराखाली थर निघाले, एकेक साल भाकरीसारखं दुसऱ्यावर चिकटलेलं. हिरालाल वैतागला. "काय शेण भरून ठेवलं या लोकायनं!" पाळीवर सारं गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

साखळी ताणली. पट्टे करकरले. दगड हालला, अन् चिखलातून असा आवाज करत सुटला जसा म्हशीनं पाय उपटला. वर आला, हळूच फिरला, अन् तोंड हिरालालकडं झालं, पाळीवरच्या साऱ्यायकडं पाठ.

मगरीवर उभी बाई. हातात घडा, कंबर एका बाजूले सोडलेली, केसायचा अंबाडा, अन् ते नाक, अख्खं, एक टवका उडालेला नाही. चिखल तिच्या गालावरून ओघळून राहिला होता. तिची नजर खाली होती. दगड वर होता अन् हा खाली, त्यामुळं ती सरळ याच्याकडंच पाहून राहिली होती. हिरालालच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

फोटो काढावा म्हणून त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. तेवढ्यात त्याच्या पिंढऱ्यायले कोणीतरी ओढलं.

पाणी होतं ते. दगडाच्या मागं, पाळीच्या पोटात, चौकोनी बांधीव बोळ आ वासून उघडं पडलं होतं. जुन्या लोकायनं बांधलेलं तळ्याचं तोंड. त्यात पाणी गुडगुड करत घुसून राहिलं होतं, अन् पाळीच्या पल्याड, दुबराज धानाच्या रिकाम्या बांधीत, खालच्या वावरात, धो धो निघून राहिलं होतं. हिरालाल बोळाकडं फरफटला, पाइपाले धरून कसाबसा थांबला. मोबाईल खिशातून निसटला, एकदा चमकला, अन् पाळीखालून गेला.

"पानी भागत हे!" कोणीतरी बोंबललं.

अन् त्याच्या मागून दुसरं, "मछरी!"

झालं. सारं गाव मूर्तीकडं पाठ करून पाळीच्या पल्याड पळालं. टोपल्या, लुगडी, घमेली, जे हाती लागलं ते घेऊन. रोहू अन् कतला बांधीत उड्या मारून राहिले होते. साखळी ओढणाऱ्या चौघांतले दोघं बी साखळीले गाठ मारून मासे धराले धावले. ज्यायच्या हातात मोबाईल होते त्यायनं मासे काढले, मासे धरणारे काढले, माशांवरून भांडणारे काढले. तळं रिकामं होऊन राहिलं होतं अन् गाव हसून राहिलं होतं. सरपंच स्वतः धोतराचा काचा मारून एका कतल्याच्या मागं लागला होता.

तळ्यात हिरालाल, अन् साखळीवर दोन गडी, जे मागच्या अंगानं होते अन् त्यायले फक्त दगडाची पाठ दिसत होती. शिवाय बिसाहिन. ती पाळीवरून अर्ध्यापर्यंत उतरली होती अन् पाण्याकडं पाहून राहिली होती, दगडाकडं नाही.

"हमर गरमी कइसे कटही रे भिलाई वाले?" ती म्हणली. ओरडली नाही. "गरवा मन का पीही?" ढोरं काय पेतील, हेच तिले पडलं होतं.

तिपाईच्या पायाशी दाबाले ठेवलेली रेतीची पोती हिरालालनं ओढून टाकून पाहिली. बोळानं गिळली. दगडाचा घाट अन् बोळाचा घाट एकच होता. मोजून बसवलेला. दुसरं काही तिथं बसणार नव्हतं.

हिरालालनं एकदा बाईकडं पाहिलं. अर्धा तास थांबलो, गाव परत आलं, एखाद्यानं एक फोटो काढला, तं बस. उद्या साहेब. परवा पेपर. त्या अर्ध्या तासात तळ्याचा चिखल उघडा पडला असता. एवढं गणित त्याले वरून बी आलं असतं, खालून तं येतच होतं, कारण पाणी कंबरेवरून मांडीवर आलं होतं.

"छोड़ो," तो म्हणला. शिट्टी नव्हती, तं तोंडानंच. "धीरे छोड़ो."

बाई खाली आली. त्यानं दोन्ही हातानं तिले बोळाच्या तोंडाशी धरलं, खांदा लावला, अन् तिचं तोंड आत गेलं. आधी पाय, मग घडा, मग ते नाक. दगड बसला. पाण्याचा आवाज थांबला. कडेनं झिरपत होतं, तं हिरालाल गुडघ्यावर बसून तोच उपसलेला चिखल, तेच शेण, मुठीमुठीनं कडांत कोंबत राहिला.

रविवारी साहेब आला. दगडाची पाठ पाहिली, ताज्या मातीकडं पाहिलं, अर्ध्या तळ्याकडं पाहिलं. "असू शकते," तो म्हणला. "नसू बी शकते. पण कृपा करून आता कोणी हात लावू नका."

"गंगा होती साहेब. मगरीवर. नाक अख्खं."

"फोटो आहे का?"

नव्हता. गावातल्या साऱ्या मोबाईलमधी मिळून एक बी फोटो नव्हता. मासे होते. पांढऱ्या बुटायतल्या एकानं दुसऱ्याकडं पाहून डोळा मारला. हिरालालनं ते पाहिलं. त्यायच्याच उंचीवर उभा होता ना, दिसलं. प्रांजली म्हणली, "काका खोटं नाही बोलणार," पण असं म्हणली जसं आजारी माणसाले बरं वाटावं म्हणून म्हणतात.

घरी मथुरानं त्याचा चिखलाचा पैजामा तिसऱ्यांदा पाण्यातून काढला. "कोहळ्याच्या घरी जन्मले अन् तळ्याचं तोंड उपटून आले. तुमचा आजा वर बसून पाहून राहिला असंल."

"खरंच नाक होतं वो."

"असंल. मंग? नाकानं ढोरं पानी पेतेत का?"

खैरडीहनं त्याले दंड केला. पैशाचा नाही. सरपंच पैशाचंच म्हणत होता, पण लोक त्याच्या कतल्यावरून आधीच चिडले होते. बिसाहिननं सांगितलं अन् गावानं मानलं, का गावातल्या घरायसंग आता याचं बी एक घर धरायचं. अकतीले एक टोपली काळी माती, स्वतःच्या डोक्यावर आणून, स्वतःच्या टाचेनं दाबायची. जोवर जिवंत आहे तोवर.

त्या साली उन्हाळा वाईट गेला. चैतातच तळ्यात ढोरायपुरता डबरा उरला अन् बाया हातपंपावर एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. मासे केव्हाच खाऊन झाले होते. पंपावर शिव्या मात्र साऱ्या भिलाईवाल्याले.

अकतीले हिरालाल आला. मथुरा मागं मागं. तिले पाहायचंच होतं. त्यानं वावरातून माती खोदली, टोपली डोक्यावर घेतली, अन् तिरपा तिरपा पाळ उतरला. घामात कालवलेली माती कानामागून मानेत गेली. बाकीचे आपापली टोपली ओतून, दोन लाथा मारून मोकळे झाले. हा कडाकडानं दाबत राहिला, टाचेनं, मग हातानं, मग परत टाचेनं. जिथून त्यानं पहिल्यांदा हात आत घातला होता त्या जागेवर तं त्यानं सारी टोपली रिचवली. आत नाक होतं. आत्ता बी होतं. हे फक्त त्याले माहीत होतं, अन् त्यानं सांगून पाहिलं असतं तरी कोणी ऐकणार नव्हतं.

"बने दबा," बिसाहिन वरून म्हणली. "ओ कोनहा छूटगे."

"दबा तो रहा हूँ बाई," तो खेकसला, अन् ती म्हणली त्या कोपऱ्याकडं सरकला.

मथुरा पाळीवर उभी होती. एवढ्या वर्षाच्या संसारात तिनं नवऱ्याले कधी वरून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मधात गोल टक्कल, भोवती पांढरे खुंट, अन् त्याच्यावर टोपलीतून गळालेल्या काळ्या मातीचा एक पोपडा.

"बाप्पा," ती शेजारच्या बाईले म्हणली, "यायची टाळू बी सगळ्यायसारखीच निघाली."